सांडगे घालणारी तीन बोटं

“माझा मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा आहे. आम्ही मांजलपूरला राहतो. आम्ही दोघं नोकरी करतो, दिवसभर तो सासू-सासऱ्यांजवळ असतो. जूनमध्ये तो नव्या इंग्रजी शाळेत ज्युनियर केजीत जाईल. नर्सरीच्या शेवटच्या पालकसभेत मॅडम म्हणाल्या, पेन्सिल मुठीत धरतो, कॅपिटल अक्षरं निम्मीच लिहितो आणि मराठी-गुजराती मिसळून बोलतो, तेव्हा घरी इंग्रजीच बोला. तेव्हापासून रोज तासभर ट्यूशन लावली आहे, अडीच हजारांचा वर्कशीटचा संच आणला आहे आणि हे त्याच्याशी इंग्रजीतच बोलतात. सासूबाईंना इंग्रजी येत नाही म्हणून त्यांनी त्याच्याशी बोलणं कमी केलं आहे. मुलगा हल्ली गप्प असतो. पेन्सिल काढली की डायनिंग टेबलाखाली जाऊन बसतो. जाऊबाईंची मुलगी याच वयात स्वतःचं नाव लिहायची. जूनपर्यंतच्या तीन महिन्यांसाठी घरी घेता येईल असा पक्का अभ्यासक्रम आखून द्याल का?”
– एक आई, बडोदे

ताई,

तुमच्या पत्रात पेन्सिल आहे, ट्यूशन आहे, वर्कशीट आहेत. पण मी अडकले ते एका वाक्यापाशी: सासूबाईंनी त्याच्याशी बोलणं कमी केलं आहे. तुम्ही ते ओघात लिहिलंत आणि पुढे गेलात. मुलगा गप्प का झाला हे शोधायचं तर मी तिथूनच सुरुवात करीन, आणि अभ्यासक्रम आखायचा तर तोही तिथूनच. म्हणून आधी तेवढं बोलते, पेन्सिलीकडे नंतर येते.

तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडता. संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलणारं माणूस म्हणजे आजी. दूध का उतू गेलं, कावळा कठड्यावर का बसतो, आबांच्या चष्म्याची काडी कोणी मोडली, हे सगळं तो आजीशी बोलत होता. ते बंद झालं आणि त्या जागी काय आलं? बाबा संध्याकाळी येऊन म्हणतात, ‘कम’, ‘सिट’, ‘ईट फास्ट’, ‘गुड बॉय’. तुमच्या यजमानांना इंग्रजी येत नाही असं मी म्हणत नाही, ऑफिसात ते उत्तम बोलत असतील. पण जेवणाच्या ताटाशी, लहान मुलाला मांडीशी घेऊन बोलायचं इंग्रजी आपल्यापैकी फार थोड्यांच्या तोंडी असतं. मग ते हुकमापुरतं उरतं. तेच बाबा मराठीत काय म्हणाले असते? “चल रे, वरण गार होतंय. आजीनं तूप सोडलंय, बघ कसं पसरतंय. ती मिरची बाजूला काढ, नाहीतर मग नाकातून पाणी येईल.” यात कारण आहे, परिणाम आहे, ‘आधी’ आणि ‘मग’ आहे, ‘पसरणं’सारखा डोळ्यांसमोर दिसणारा शब्द आहे. बालवाडीच्या अभ्यासक्रमात ज्याला भाषेची तयारी म्हणतात ती हीच. जे मूल आजीला एखादी घडलेली गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगू शकतं, ते उद्या तीच गोष्ट इंग्रजीतही सांगेल, कारण गोष्ट जुळवायची कशी हे त्याला आधीच जमलेलं असतं. राहतात फक्त नवे शब्द, आणि ते शाळा देते.

या बाबतीत माझ्याकडून चूक झालेली आहे. बडोद्यात बालवाडी शिकवायला लागल्यावर पहिली काही वर्षं मीही पालकांना सांगायची, घरी इंग्रजी बोला. दांडिया बाजारातले एक आजोबा नातीला न्यायला यायचे. पूर्वी ते फाटकापासूनच तिला नावानं हाक मारायचे आणि ती धावत सुटायची. मग एका महिन्यात माझ्या लक्षात आलं की ते हाक मारत नाहीत, नुसता हात हलवतात. ती जवळ गेली की दप्तर घेतात आणि दोघं न बोलता चालू लागतात. मी विचारलं तर म्हणाले, “बेन, तुम्हीच सांगितलंत ना, मराठी नको म्हणून. मला दुसरं काही येत नाही.” त्या दिवसानंतर मी ते वाक्य कोणत्याही आईबापाला सांगितलेलं नाही.

आता तर सरकारी कागदही हेच सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षांचा एक सलग पायाभूत टप्पा मानला आणि त्यासाठीचा राष्ट्रीय आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला. त्यात या वयाला शिकण्याचं मुख्य माध्यम घरची भाषा असावी असं स्पष्ट म्हटलं आहे. सहा वर्षांपर्यंत पाठ्यपुस्तकं लादू नयेत असंही म्हटलं आहे. तुमची शाळा इंग्रजी आहे, हरकत नाही, इंग्रजी तिथे होईल. घरानं शाळेची नक्कल करायची गरज नाही.

आणि भाषा मिसळण्याचं म्हणाल, तर बडोद्याचं कोणतं मराठी मूल मिसळत नाही? उत्तरायणाला ‘मला पतंग चगवायचाय’ म्हणणाऱ्या मुलाच्या डोक्यात गोंधळ नसतो. गुजराती धातू उचलून त्याला मराठी प्रत्यय त्यानं बिनचूक लावलेला असतो. चार वर्षांच्या डोक्यानं केलेलं हे केवढं मोठं काम आहे! त्याला ‘असं नाही म्हणायचं’ म्हणून टोकू नका. तुम्ही सहज ‘हो, आपण गच्चीवर पतंग उडवू’ म्हणा, त्याचं तो उचलतो. मोठं होता होता कोणाशी कोणती भाषा, हे मुलं आपोआप वेगळं करतात.

एक मात्र सांगून ठेवते. जूनमध्ये नव्या शाळेत तो पहिले काही आठवडे, कदाचित काही महिने, वर्गात तोंड उघडणार नाही. नवी भाषा कानावर पडत असताना मुलं आधी नुसती ऐकतात. तेव्हा ‘बोलत नाही’ अशी तक्रार आली तर पुन्हा ट्यूशनकडे धावू नका. घरी येऊन आजीशी तो बडबडत असला की काळजीचं कारण नाही.

तरीही एकदा कान तपासून घ्या. सर्दी-खोकला वरचेवर होत असेल तर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येतं, आणि घरात ते पटकन कळत नाही. पाठमोरा असताना हळू हाक मारा, वळतो का बघा. चार वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही जवळजवळ सगळं कळायला हवं. तसं नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते पुढे वाचा-उपचाराला पाठवतील. हे तुमच्याकडे बहुधा निघणार नाही, कारण तो पूर्वी बोलत होता असं दिसतं. पण मनात शंका ठेवू नये.

आता पेन्सिल.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती बहुतेक मऊ कूर्चेचीच असतात आणि मग एकेक करून टणक होत जातात. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यात साधारण निम्मीच दिसतात. शेवटचं, वाटाण्याएवढं हाड दिसायला नववं ते बारावं वर्ष उजाडतं. म्हणजे ज्या हाताकडून तुम्ही रोज तासभर रेघेत अक्षरं मागताय तो हात अजून घडतोय. पेन्सिलीची पकडही पायरीपायरीनं येते. आधी मूठ, मग सगळी बोटं खाली वळवून, मग चौथ्या वर्षाच्या आसपास अंगठा आणि पहिली दोन बोटं पेन्सिलीवर येतात, पण हलतो तो अख्खा हात. नुसती बोटं हलवून लिहिणं साडेचार ते सहाच्या दरम्यान जमतं.

आकारांचंही तसंच. बघून गोल काढणं साधारण तिसऱ्या वर्षी येतं, अधिकचं चिन्ह चौथ्या, चौकोन साडेचार-पाचला, आणि त्रिकोण पाच-साडेपाचला. त्रिकोण उशिरा येतो कारण तिरकी रेघ अवघड. आता इंग्रजी कॅपिटल अक्षरं डोळ्यांसमोर आणा. पहिलंच अक्षर ‘ए’, दोन तिरक्या रेघा! पुढे ‘के’, ‘एम’, ‘डब्ल्यू’. निम्मी अक्षरं लिहिणारा तुमचा मुलगा मागे पडलेला नाही, त्याच्या वयाला जमतील तेवढी लिहितोय. कोणती निम्मी येतात ते एकदा बघा. मला वाटतं उभ्या-आडव्या रेघांची आणि गोलाचीच निघतील.

मूठ मात्र सुटायला हवी, तिथे मॅडमचं लक्ष बरोबर गेलं आहे. फक्त त्यावर उपाय पेन्सिल नाही. बोटांना पुरेसं काम मिळालेलं नाही, ते द्यायचं. आणि तुमचं पत्र नेमकं वाळवणाच्या तोंडावर आलं आहे.

सासूबाई उन्हाळ्यात सांडगे घालतात का? बडोद्यातल्या बऱ्याच घरांत अजून घालतात. घालत असतील तर यंदा त्याला शेजारी बसवा. भिजवून वाटलेली डाळ, जिरं, मिरची. त्याच्या वाट्याला बिनमिरचीची वाटी. आजी चिमटीत पीठ घेते, अंगठ्यानं पुढे ढकलते, बोटाएवढा ठिपका प्लास्टिकवर पडतो. ती चिमूट नीट बघा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, पेन्सिलीची तीच तीन बोटं, आणि अनामिका-करंगळी तळहाताशी दुमडलेली. शाळेत ही पकड शिकवायला मणी, चिमटे, खास जाड पेन्सिली मागवतात. आजीच्या हातात ती पन्नास वर्षं आहे. त्याचे पहिले सांडगे गोळ्यांसारखे पडतील, एकमेकांना चिकटतील. ओळ वाकडी जाईल. तिसऱ्या दिवशी डावीकडून उजवीकडे ओळ धरायला लागेल, आणि इंग्रजी-मराठी दोन्ही लिहायची ती हीच दिशा. वाळलेले मोजायचे, बरणीत भरायचे, आणि चार महिन्यांनी कालवणात पडले की ‘हा माझा’ म्हणून ओळखायचे. कोणत्या वर्कशीटमध्ये एवढं बसतं?

सांडगे नसतील तर पापडाच्या लाट्या. लाटी मळताना तळहात आणि खांद्याला जोर लागतो, आणि खांदा-कोपर घट्ट झाल्याशिवाय बोटं सुटत नाहीत. साबुदाण्याच्या पापड्या डावानं घालताना मनगट वळतं. शेंगा फोडणं, लसूण सोलणं, मेथी निवडणं, ओला रुमाल पिळणं, दोरीवर चिमटे लावणं. हे ‘आईला मदत’ म्हणून एखाद्या रविवारी नको. रोज ठरलेल्या वेळी, त्याचं काम म्हणून. बारीक दाणे आणि शेंगदाणे नाका-तोंडात जाऊ नयेत म्हणून मोठं माणूस शेजारी हवंच.

खांद्यासाठी कामाठीबागेत न्या. आम्ही बडोदेकर अजून कामाठीबागच म्हणतो, सयाजीबाग पाटीवर आहे. शिडीवर चढू दे, लोंबकळू दे, गवतावर लंगडी खेळू दे. संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा दाखवा आणि घरी आल्यावर आजीला त्यानंच सांगायचं, काय बघितलं. तुम्ही मध्ये पडू नका, वाक्य पुरं करून देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान तीन तास हालचाल, दहा ते तेरा तास झोप आणि बसून स्क्रीन बघणं एका तासाच्या आत, असं २०१९ मध्ये सांगितलं आहे. इंग्रजी गाण्यांचे व्हिडिओ ‘अभ्यास’ म्हणून लावत असाल तर तेही त्या तासातच धरा.

पेन्सिल पाच-सहा आठवडे कपाटात ठेवा. त्याच्यासमोर ठेवा, म्हणजे टेबलाखाली जायचं कारण संपलं हे त्याला कळेल. त्याऐवजी खडूचे तुकडे द्या. अख्खा खडू नको, बोटाच्या पेराएवढा तुकडा, कारण तो मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. पाटी भिंतीला टेकवून उभी ठेवा. दुपारी गच्चीच्या भिंतीवर पाण्यानं आणि जुन्या रंगाच्या ब्रशनं काय काढायचं ते काढू दे, उन्हात वाळून जातं, चुकलं-बरोबर काही उरत नाही. टेबलाखाली बसणाऱ्या मुलासाठी हे न उरणंच मला फार मोलाचं वाटतं. अक्षरं तो स्वतःहून मागेल तेव्हा द्या, आणि आधी कानानं द्या. ताटाशी बसल्यावर विचारा, ‘प’नं सुरू होणारं ताटात काय आहे? पोळी, पापड, पाणी. मग ‘भ’. आवाज सुटा ऐकू यायला लागला की अक्षराला चिकटवायला वेळ लागत नाही, भाषा कोणतीही असो.

आकड्यांचं थोडक्यात सांगते. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांना ‘सात चमचे आण’ म्हटलं की मूठभर आणतात. रात्री पानं त्याला मांडू द्या. माणसं पाच, ताटं पाच, वाट्या पाच. आबा बाहेर गेले तर किती? पाडवा जवळ आला आहे, खंडेराव मार्केटातून झेंडू आणाल तेव्हा त्याला बरोबर न्या आणि तोरण त्याच्याबरोबर करा. दोन फुलं, एक आंब्याचं पान, दोन फुलं, एक पान. पुढे काय येणार हे त्यानं सांगायचं. गणिताची सुरुवात इथे होते. अंक लिहिणं नंतर येतं.

आता ज्या गोष्टीकडे पालकसभेत कोणीच लक्ष वेधत नाही, आणि केजीच्या पहिल्या महिन्यात मुलं रडतात ती बहुतेक तिच्यापायी. माझ्या वर्गात एक मुलगा यायचा, दोन भाषांत गोष्टी सांगणारा, हुशार. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची आई म्हणाली, डबा रोज भरलेला परत येतो. मी मधल्या सुट्टीत त्याच्याशेजारी बसले. चार बाजूंनी खटके असलेला नवा डबा होता. त्यानं दोन खटके उघडले, तिसऱ्याशी झटला, हात दुखला तसा चोळला, आणि डबा तसाच दप्तरात ठेवून पाण्याची बाटली काढली. कोणाला सांगितलं नाही. आठ दिवस तो उपाशी बसत होता, आणि मी तोवर समजत होते की त्याला पोळी-भाजी आवडत नाही.

तेव्हा जूनचा डबा, बाटली, दप्तर, बूट आत्ताच आणा. रोज दुपारचं खाणं त्या डब्यातून, आजीसमोर बसून, त्यानं स्वतः उघडून खायचं. पट्ट्याऐवजी इलॅस्टिकची चड्डी, नाडीऐवजी चिकटपट्टीचे बूट. शू-शी लागली हे बाईंना सांगता येणं तर सगळ्यांत आधी. हे एक वाक्य मात्र इंग्रजीत, हिंदीत आणि गुजरातीत, तिन्ही भाषांत तोंडी बसवा. ‘पाणी हवंय’, ‘उघडून द्या’ आणि ‘मला दुखतंय’ हेही. यासाठी इंग्रजी शिकवायला माझी काहीच हरकत नाही.

पहिल्या दिवशी फाटकाशी सोडताना त्याची नजर चुकवून निसटू नका. रडला तरी सांगून जा, “आता मी जाते, गोष्ट झाली की आजी न्यायला येईल.” आणि आजीनं त्या वेळी तिथे असायचंच. न्यायला येणार म्हटलेलं माणूस वेळेवर दिसलं की चौथ्या-पाचव्या दिवशी रडणं ओसरतं.

तुम्ही ‘पक्का अभ्यासक्रम’ मागितलात. शालेय अभ्यासक्रम ठरवणाऱ्या एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेनं २०१९ मध्ये पूर्वप्राथमिक वयासाठी अभ्यासक्रम काढला, त्यात मोठी उद्दिष्टं तीनच आहेत. मुलाची तब्येत आणि मन ठणठणीत राहावं, त्याला आपलं म्हणणं नीट सांगता यावं, आणि त्यानं भोवतालात रस घेऊन शिकावं. लेखी किंवा तोंडी परीक्षा या वयात घेऊच नये, असंही त्यांचं म्हणणं आहे. मी वर जे सांगितलं ते या तिन्हींत बसतं. नव्या शाळेत एकदा जाऊन या. वर्गात पाऊल टाकलंत की भिंतीकडे बघा. सगळ्या मुलांचं एकच रंगवलेलं सफरचंद टांगलंय, की प्रत्येकाचं वेगळं काहीतरी आहे? विचारा, दिवसातून मुलं किती वेळ बाहेर खेळतात, गोष्ट रोज सांगतात का, घरच्या भाषेत बोललं तर काय करतात. या शेवटच्या प्रश्नाला बाई काय उत्तर देतात त्यावर मी शाळा ओळखते. नर्सरीच्या मॅडमवर राग धरू नका. समोर एवढी मुलं आणि पाठीमागे ‘वही कोरी का’ म्हणणारे पालक, यात त्या अडकलेल्या असतात.

खेळातून शिकणं हे कोणी परदेशी खूळ आणलंय असं तुमच्या घरात कुणी म्हणालं, तर सांगा की हे आपल्या गुजरातेतलंच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये महाराष्ट्र-गुजरात सीमेजवळच्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या, आणि महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे वापरले. गुजराती आणि मराठी, दोन्हींत वाढलेलं हे काम आहे, अगदी तुमच्या मुलासारखं. आणि आपल्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं, तेही सातव्या वर्षापासून. शिक्षणाची एवढी तळमळ असलेल्या राजालाही चार वर्षांच्या मुलाकडून वही भरून नको होती.

शिवाय वेळ भरपूर आहे. गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीत प्रवेशाला १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. तुमचा मुलगा त्या हिशेबानं अजून दोन पूर्ण वर्षं केजीत असेल. जाऊबाईंची मुलगी चारला नाव लिहायची, चांगलं आहे. तिचा हात तेव्हा तयार होता, याचा सहा-आठ महिन्यांनी होईल.

ट्यूशन थांबवा. त्या बाईंना या महिन्याचे पैसे पूर्ण द्या, त्यांचा दोष नाही. वर्कशीटचा संच फेकू नका, मागची कोरी बाजू चित्रांना होईल.

आणि आज संध्याकाळी, मुलगा समोर असताना, सासूबाईंना सांगा, “आई, याच्याशी पूर्वीसारखं बोला. आमचं चुकलं.” यजमानांनीही सांगितलं तर फार बरं. पहिले चार दिवस तो आजीच्या प्रश्नांना ‘यस-नो’च म्हणेल. आजींनी मनावर घेऊ नये, नेहमीसारखं बोलत राहावं. सांडग्यांची डाळ भिजवायच्या आदल्या दिवशी ताटात पसरून त्याच्यापुढे ठेवा आणि खडे निवडायला सांगा. एखादा सापडला की तो ओरडून सांगेल, त्याला राहवणार नाही.

जुलैत कसं चाललंय ते कळवा. डब्याचं आधी लिहा.